मृत्यूनंतरचे ठोके वगळून

"अ‍ॅप म्हणतंय, तुम्ही झोपलाय," मी म्हटलं.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पोह्यांत मीठ कमी पडल्याचं मला, शेजारच्या सरोजमावशींना आणि समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्याला एकाच दमात कळवत होते. ते थांबले.

"कोण म्हणतं?"

"तुमच्या पट्ट्याचं अ‍ॅप. ठोके संथ, आजूबाजूला शांतता, गाढ झोप. शिवाय तुम्ही कापडपेठेत झोपलाय."

"तिथे बरी लागते झोप. गाद्यांची दुकानं आहेत." त्यांनी बाह्यांची बटणं मनगटापाशी नीट लावून घेतली आणि मिठाची बरणी उचलली. "आणि कॉर्पोरेशनचं अ‍ॅप आहे ना? त्याला सगळं गाव झोपलेलंच दिसणार."

मी फोन उपडा ठेवला आणि सातवीच्या भूगोलाची मुद्रितं पुढे ओढली. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा व्यवसाय. त्या दिवसानंतर मी ते अ‍ॅप बरेच दिवस उघडलं नाही. जे यंत्र आमच्या घरात, पोह्यांच्या वेळी, शांतता नोंदवतं, त्यावर किती विश्वास ठेवायचा?

याला आता आठ वर्षं झाली. त्या वर्षी आमच्या शहराला 'आनंदी शहर' व्हायचं होतं. आदल्या वर्षी 'स्वच्छ शहर' व्हायचं होतं. त्याच्या पाट्या कचऱ्याच्या ढिगांवर अजून उभ्या होत्या. आनंद मोजायला बाहेरून एक संशोधन केंद्र आलं होतं. त्याचे प्रमुख डॉ. सौमित्र देवस्थळी. शहराचा माणसावर काय परिणाम होतो, हे ते माणसाच्या मनगटावरून काढणार होते. कुठल्या रस्त्यावर छाती धडधडते, कुठल्या चौकात हाताला घाम फुटतो, कुठे गोंगाटाने डोकं उठतं आणि कुठे बरं वाटतं, हे सगळं रबराच्या एका काळ्या पट्ट्याला कळे आणि नकाशावर ठिपका होऊन उमटे. बरं वाटलं की हिरवा, नाही वाटलं की लाल. घरच्यांनाही तो ठिपका फोनवर दिसे. पट्टे सत्तरीपुढच्यांना वाटले होते, कारण शहर सर्वांत जास्त त्यांनाच सोसावं लागतं, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. ते दिवसभर रिकामे असतात, हे कुणी म्हटलं नव्हतं.

बाबांच्या कट्ट्याला एकच पट्टा मिळाला. कट्टा म्हणजे बंद पडलेल्या मयूर टॉकीजच्या पायऱ्या. बसणारे तिघे: बाबा, ड्रिलचे निवृत्त शिक्षक लतीफ मास्तर आणि कापडाचं दुकान मुलांवर सोपवून मोकळे झालेले ओसवालशेठ. तिघांत पेपर एक. पानं सुटी करून वाटून घ्यायचे आणि मग फिरवायचे. ओसवालशेठ आपल्या वाटणीचं पान तोंडावर घेऊन झोपत, तेव्हा ते पान जागच्या जागी अडकून पडे आणि बाबा आणि मास्तरांना बाजारभाव कळायला दुपार होई.

पट्टा आला त्या दिवशी मास्तर म्हणाले होते, "गेल्या महिन्यात कॉर्पोरेशनने कुत्र्यांना पट्टे घातले. आता आपली पाळी. आधी चावरा कोण ते बघतात." म्हणून पट्टा बाबांच्या नावावर लागला.

बाबा मोटारस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सगळे त्यांना अजूनही कंट्रोलर म्हणत. लाउडस्पीकर नादुरुस्त असला तरी त्यांच्या काळात कुणाची गाडी चुकली नाही, असं ते सांगत आणि लोकही सांगत. आता तिथे संगणकातून एका बाईचा आवाज येई. बाबा तिला 'ती बाई' म्हणत. ती बाई वडगावची गाडी फलाट चारला लावायची आणि गाडी उभी असायची नऊला. निवृत्त माणसाने हे ऐकून घरी यायचं असतं. बाबा ऐकून तिथेच ओरडायचे आणि मग चक्कर येऊन रिक्षाने परतायचे. रक्तदाब पाहून डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांचं ओरडणं बंद करा. मी ओरडण्याऐवजी मोटारस्टँड बंद केलं. ते जास्त शक्य वाटलं.

"स्टँडवर जाणार नाही," त्या सकाळी मी मुद्रितांतून मान वर न काढता म्हटलं.

"कुठल्या स्टँडवर?"

"बाबा."

"तळ्यावर जातोय. त्या नव्या शांतिपथावर. तुझ्या त्या आनंद मोजणाऱ्या डॉक्टरचे तीन बाक आहेत तिथे. एकावर शेठजी झोपणार, एकावर मी शांत होणार. तिसरा राखीव."

"गोळी घेतलीत?"

"घेतली. मीठही घेतलं."

मग ते दारापाशी गेले, चपलांत पाय सरकवले आणि रोजच्यासारखं म्हणाले, "येतो गं."

आई असताना आतून 'या' असं उत्तर यायचं. हातात काहीही काम असो, ते यायचंच, आणि ते आल्याशिवाय बाबा उंबरा ओलांडत नसत. आई गेल्यावर ते उत्तर बंद झालं. मला ते म्हणता आलं असतं. पण ते आईचं होतं, आणि तिच्या पाटावर जाऊन बसल्यासारखं वाटलं असतं. बाबा मात्र 'येतो गं' म्हणून झाल्यावर क्षणभर थांबत. चप्पल नीट बसली नाही असं दाखवत. त्या दिवशीही थांबले. मग जिन्यावरून त्यांचा आवाज खाली खाली जात राहिला. पहिल्या मजल्यावर कुणाला तरी ते नळाची वेळ सांगत होते.

दुपारी मास्तरांचा फोन आला. "वैजू, बेटा, दवाखान्यात ये," एवढंच म्हणाले.

मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. हृदय बंद पडलं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मास्तर आणि ओसवालशेठ बाकावर शेजारी शेजारी बसले होते आणि ओसवालशेठ जागे होते.

"कुठे होते?" मी विचारलं.

"तळ्यावर," मास्तर म्हणाले. "बसल्या बसल्या."

"काही म्हणाले?"

"काही त्रास झाला नाही, बेटा."

ओसवालशेठ फरशीकडे पाहत राहिले. मी आत जाऊन बाबांना पाहिलं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. मनगटावर पट्टा नव्हता; नर्सने काढून ठेवला असेल, असं मला वाटलं.

पुढचे दिवस माणसं येत राहिली आणि प्रत्येकाने सांगितलं की काही त्रास झाला नाही. जे तिथे नव्हते त्यांनी जास्त खात्रीने सांगितलं. मला एवढंच कळायला हवं होतं, की शेवटच्या तासाभरात बाबा एकटे होते का आणि घाबरले होते का. हे विचारायला गेलं की लोक माझ्या हातावर हात ठेवत आणि चहा करू का म्हणून विचारत. माझ्याच घरात.

सुतक फिटायच्या आत डॉ. देवस्थळी आले. चपला काढायच्या की पायातच ठेवायच्या हे त्यांनी सरोजमावशींना विचारलं, मग सतरंजीवर मांडी घातली आणि मांडीवर लॅपटॉप उघडला.

"मॅडम, आमची सगळी टीम हलली आहे. बाबा आमचे सर्वांत चांगले सहभागी होते. सहभागी क्रमांक सात. पट्टा एक दिवस बंद ठेवला नाही त्यांनी. आणि एका माणसात इतकं वैविध्य आम्ही कुठे पाहिलेलं नाही."

"वैविध्य?"

"हे बघा. बहुतेक रोज संध्याकाळी दिवस मावळायला आला की यांचा ताण चढतो. पावलं भरभर, धडधड. दिवस मावळला की एकदम शांत. कुठल्याच पुस्तकात हे नाही. आम्ही त्याला 'सूर्यास्त-ताण' असं नाव दिलंय. परदेशात निबंध जातोय."

"संध्याकाळी ते गॅलरीत शेंगा खात बसायचे," मी म्हटलं.

"वरून दिसत नाही मॅडम, आत असतं ते." त्यांनी बोट पुढे सरकवलं. "आणि दर शुक्रवारी दुपारी मशिदीच्या बोळात. श्वास इतका संथ, इतका एकसारखा! बाबा ध्यान करायचे का?"

सरोजमावशींनी माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारी काय, रोज दुपारी बाबा घोरायचे आणि तो आवाज मावशींच्या देवघरापर्यंत जायचा.

"एकच घोटाळा आहे," डॉक्टर म्हणाले. "रविवारी सकाळी हा पट्टा मोटारस्टँडवर जातो. हॉर्न, धूर, रेटारेटी, आणि ठिपका हिरवागार! शहरातल्या सर्वांत वाईट जागी हिरवा. अशक्य आहे. सेन्सरचा बिघाड धरून तेवढा भाग आम्ही काढून टाकला."

रविवारी सकाळी बाबा तळ्यावर जातो म्हणून सांगत.

"मला त्यांचा शेवटचा तास बघायचाय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी लॅपटॉप जरासा स्वतःकडे वळवला. "त्याला नियम आहे मॅडम. माहिती सहभागीच्या मालकीची असते. दाखवायची तर सहभागीची लेखी संमती लागते."

"ते वारले."

"हो, तीच अडचण आहे."

मग त्यांनी एक मार्ग सुचवला. शांतिपथाचं उद्घाटन व्हायचं होतं. प्रकल्पातले सर्वांत शांत नागरिक म्हणून कैलासवासी भालचंद्र खटावकरांचा मरणोत्तर सत्कार करायचा आणि ते ज्या बाकावर शेवटी बसले होते त्यावर संगमरवरी पाटी लावायची, असं ठरत होतं. त्याला मी कुटुंबातर्फे होकार दिला तर त्या होकारातच बाकीचं बसवता आलं असतं. मी होकार दिला. त्या क्षणी त्यांनी मला बाबांना महापौर करू का विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं.

त्यांनी पडदा माझ्याकडे केला. तळ्याच्या निळ्या डागाच्या काठाला एक ठिपका होता.

"बघा. गडद हिरवा. शांतिपथ, बाक पहिला. ठोके जवळजवळ झोपेतले. गोंगाट नाही, घाम नाही, भीती नाही. शहराने त्यांना अगदी अलगद…"

मी त्या हिरव्याकडे बघत राहिले. बाबा आणि शांत, हे शब्द मी आयुष्यात एका वाक्यात वाचले नव्हते. पण घाबरले नव्हते, असं एक यंत्र सांगत होतं, आणि यंत्राला मला बरं वाटावं असं वाटण्याचं काही कारण नव्हतं.

"मग ठोके कधी थांबले?" मी विचारलं.

"थांबले नाहीत."

मावशींचा हात तोंडावर गेला.

"म्हणजे पट्टा पुढेही पाठवत राहिला," डॉक्टर घाईने म्हणाले. "होतं असं. पण मृत्यूची नोंद आली की आमची प्रणाली मृत्यूनंतरचे ठोके आपोआप वगळते. त्याची तुम्ही काळजी करू नका. फक्त पट्टा सापडला की तेवढा परत करा." ते उठले, दारापाशी वळले आणि हसून म्हणाले, "येतो मग मॅडम. पुन्हा भेटूच."

"अगं बाई," मावशी पुटपुटल्या.

सुतकाच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही आणि घरच्यांनी 'या' म्हणायचं नसतं. माणसं नुसती उठून जातात. एवढे दिवस सगळी तशीच उठून गेली होती. डॉक्टर उत्तराची वाट पाहत थोडे थांबले आणि मग जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते अ‍ॅप उघडलं. 'बाबा' असं नाव मीच त्या ठिपक्याला दिलेलं होतं. बाबा कापडपेठेत होते आणि हिरवे होते. मी चहा केला. चहा होईपर्यंत बाबा हलले. सावकाश, पोस्टाच्या कोपऱ्यावर थोडे थांबत, नेहमीच्या वेळी नेहमीच्या वाटेने ते मयूर टॉकीजकडे निघाले. मला अर्थातच माहीत होतं की तो पट्टा आहे आणि कुणाच्या तरी हातात आहे. तरी मी चहा तसाच ठेवून निघाले, आणि वाटेत बराचसा रस्ता धावत गेले.

टॉकीजच्या पायऱ्यांवर मास्तर अग्रलेख वाचत होते. शेजारी ओसवालशेठ राशिभविष्याखाली झोपले होते. पोटावर ठेवलेल्या त्यांच्या हातात काळा पट्टा होता.

"मास्तर, पट्टा शेठजींकडे कसा?"

"आज गुरुवार," मास्तर म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

मी पायरीवर बसले. मास्तरांनी पेपरची घडी केली, मग घडीची घडी केली.

"आम्ही तिघे आणि पट्टा एक," ते म्हणाले. "एकट्याने घालून बसायचं, ते बरं दिसतं का, बेटा? तुझा बाप म्हणाला, पेपरासारखं करू. शुक्रवार माझा, रविवार त्याचा. बाकी दिवस शेठजींचा, त्यांना झोपेत काही कळत नाही. त्या डॉक्टरने बजावलं होतं, पट्टा मनगटावरून काढायचा नाही. कुणाच्या मनगटावरून, ते नाही सांगितलं त्याने."

शुक्रवारचं ध्यान म्हणजे मास्तरांचा नमाज होता. सूर्यास्त-ताण म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवण उरकायला घराकडे निघालेले ओसवालशेठ होते. जैन माणूस, अंधार पडल्यावर पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. बाबांच्या वाट्याचे होते फक्त रविवार, आणि ते बिघाड म्हणून काढून टाकलेले होते.

"मग त्या दिवशी तळ्यावर कोण होतं?" मी विचारलं.

"मी होतो वैजूताई," राशिभविष्याखालून आवाज आला. "गार वारा सुटला होता. डोळा लागला."

"आणि बाबा?"

मास्तरांनी पेपर पुन्हा उलगडला. "त्याने शपथ घातली होती. म्हणाला, वैजूला कळता कामा नये. ती ओरडत नाही, नुसती बघते. ते सोसत नाही."

मी नुसती बघत राहिले.

"मंगळवार होता, बाजाराचा दिवस," मास्तर म्हणाले. "'चल, दोन मिनिटं ऐकून येऊ ती बाई काय म्हणते,' म्हणाला. गेलो आम्ही स्टँडवर. ती म्हणाली, वडगाव फलाट चार. गाडी उभी नऊला. बायका डोक्यावर पाट्या घेऊन चारवरून नऊकडे पळाल्या आणि तेवढ्यात गाडी हलली. तुझा बाप उठला. मी म्हटलं, कंट्रोलर, बीपी! म्हणतो कसा, बीपीची गाडी नंतर आहे. बाह्या वर केल्या, चौकशीपुढच्या बाकावर चढला आणि दिला आवाज. 'वडगाऽव फलाट क्रमांक नऊ! चालक, थांबा! माणसं यायचीयत!' आणि गाडी थांबली, बेटा. ड्रायव्हर कोवळा पोरगा. त्याने याला जन्मात पाहिलेलं नाही, पण पाय गेला ब्रेकवर."

"मग उतरले नाहीत?"

"उतरतोय कसला! ती बाई एक बोलली की हा तिच्यावर. ती म्हणे चार, हा म्हणे नऊ. ती म्हणे, 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' हा म्हणे, 'दिलगिरी नको, गाडी दाखवा!' सगळं स्टँड हसत होतं. लोक तिच्याकडे लक्षच देईनात, याला येऊन विचारायला लागले. कंट्रोलर, शिरगाव कुठे? कंट्रोलर, माळेवाडी गेली का? लाल झाला होता नुसता. मी त्याला इतका खूश तुझी आई गेल्यापासून बघितला नव्हता."

"आणि मग?"

"मग खाली बसला. पाणी मागितलं, प्यायला. मला म्हणाला, 'मास्तर, रिक्षा बघा. घरी येतो म्हणून सांगून आलोय.' मी रिक्षा बघायला वळलो." मास्तर थांबले. "तेवढंच."

"तेव्हा एकटे होते?"

"एकटा? अख्खा फलाट होता त्याच्याभोवती. शिरगावची एक बाई होती, तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिची गाडी आली, भरली, सुटली. ती उठली नाही."

ओसवालशेठांनी तोंडावरचं पान काढलं, चौकोनी घडी करून माझ्या हातात दिलं. मी ते घेतलं. डोळे पुसायला पेपर बरा नसतो, पण पायऱ्यांवर दुसरं काही नव्हतं.

मी डॉ. देवस्थळींना फोन केला आणि झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलंच नाही, असं आपण धरू या."

"पण तो ठिपका माझ्या वडिलांचा नाही."

"मॅडम, पत्रिका छापून झाल्या. महापौरांची वेळ मिळाली. पाटी कोरून झाली. आणि खरं सांगू का? नागरिक कुठला का असेना, शांत तर होता ना?"

"पाटीवर माझ्या वडिलांचं नाव आहे."

"म्हणूनच. किती लोकांच्या वडिलांना बाक मिळतो?"

पत्रिका घरी आली. पाटीवरचा मजकूर तीत आधीच छापला होता: 'या बाकावर जेष्ठ नागरिक कै. भालचंद्र खटावकर यांनी शहराची शांतता अनुभवत अखेरचा श्वास घेतला.' त्यातलं 'ज्येष्ठ' मी पेन्सिलीने दुरुस्त केलं. बाकीचं दुरुस्त करायला व्यासपीठावर जावं लागणार होतं. नाहीतर शिरगावच्या बाईच्या मांडीवरून उचलून बाबांना त्या बाकावर नेऊन बसवलं जाणार होतं, गप्प, संगमरवरात, कायमचं.

शांतिपथाचं उद्घाटन ढोलताशांनी झालं. तळ्यात संगीत कारंजं बसवलं होतं आणि त्याच्यासाठी माणसाहून उंच स्पीकर काठावर उभे होते. महापौर आल्या तेव्हा दिवस कलायला लागला होता. व्यासपीठामागे मोठ्या पडद्यावर शहराचा नकाशा होता आणि सगळ्या सहभागींचे ठिपके त्यावर जिवंत हलत होते. ढोल वाजले तसे मांडवातले सगळे ठिपके लाल झाले. डॉक्टर म्हणाले, हा उत्साह आहे. श्रद्धांजली म्हणून त्यांच्या कुणा माणसाने क्रमांक सातच्या ठिपक्याला बाबांचा फोटो जोडला होता. पट्टा चालू आहे, याची कुणी आठवण ठेवली नव्हती. सगळ्या लाल ठिपक्यांत तिसऱ्या रांगेच्या जागी बाबांचा फोटो तेवढा हिरवा होता. तिसऱ्या रांगेत मास्तरांच्या खांद्यावर मान टाकून ओसवालशेठ झोपले होते.

भाषणं झाली. या शहराने एका अशांत हृदयाला शांत केलं, असं डॉक्टर म्हणाले. मग निवेदकाने मला दोन शब्द बोलायला बोलावलं.

"माझे वडील या बाकावर बसले नव्हते," मी माईकमध्ये म्हटलं. "ते मोटारस्टँडवर होते. बाकावर उभे होते आणि ओरडत होते. पट्टा त्यांच्या हातात नव्हता. तुम्ही जो हिरवा ठिपका पाहिलात, ती ओसवालशेठांची झोप आहे."

मांडवात कुणीतरी हसलं. महापौर डॉक्टरांकडे वळल्या. डॉक्टरांनी कुणाकडे तरी हात केला आणि माझा पुढचा शब्द माईकमधून आला नाही. "ताई भावनावश झाल्या आहेत," निवेदक दुसऱ्या माईकवरून म्हणाला. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि त्याच क्षणी कारंजं सुरू झालं. गाणं इतकं मोठं होतं की खुर्च्या थरथरत होत्या.

त्या थरथरीने ओसवालशेठ जागे झाले. त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं. सूर्य तळ्यापलीकडच्या गोदामांना टेकला होता. ते उठले आणि लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत निघाले. पडद्यावर बाबांचा फोटो हलला. तिसऱ्या रांगेतून बाहेर आला, पिवळा झाला, मग लाल झाला.

"अहो, खटावकर चालले!" कुणीतरी ओरडलं. माना पडद्याकडे वळल्या. बाबा मधल्या वाटेने भरभर फाटकाकडे निघाले होते. डॉक्टर मागच्या माणसाला हातवारे करत होते. वगळा, वगळा, असं ते म्हणत असावेत.

फाटकाशी ओसवालशेठ थांबले. सांगितल्याशिवाय जायची त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी वळून व्यासपीठाकडे पाहिलं, पट्ट्याचा हात वर केला आणि त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते कारंज्यात ऐकू आलं नाही, पण फाटकातून निघताना माणूस काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत असतं. पडद्यावर बाबा दाराशी उभे होते. चप्पल नीट बसली नसल्यासारखे.

आमच्या घरात एकाच माणसाचा आवाज मोठा आहे असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे. मी नारळ महापौरांच्या हातात दिला आणि व्यासपीठाच्या कडेला गेले.

"या!" मी ओरडले. ढोलवाल्यांनी वळून पाहिलं. कारंज्याच्या स्पीकरवरून, मांडवावरून, फाटकावरून तो आवाज पलीकडच्या रस्त्यावर गेला असावा, कारण तिथली एक रिक्षा थांबली. "या, बाबा!"